चष्म्याचं सोडा, मामाला विचारा

साताऱ्याहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला, कमर्शियल पायलट व्हायचं म्हणतो. अडीच नंबरचा चष्मा आहे, लहानपणी बालदमा होता. नातेवाईक म्हणतात, 'चष्मेवाल्याला कोण घेतंय?' फ्लाइंग स्कूल म्हणतं, महिनाअखेर पैसे भरा, नाहीतर जागा जाईल. आधी फी भरू की मेडिकल करू? आणि दम्याचं सांगावं की नको?

नमस्कार.

आधी मेडिकल. पूर्ण प्रशिक्षणाचा खर्च 50 लाखांच्या आसपास जातो. एक पैसाही त्यानंतरच.

नातेवाईकांचा घोळ नेहमीचा आहे. हवाई दलाचे डोळ्यांचे निकष ते नागरी विमानसेवेला लावतात. इथे चष्मा लावून नीट दिसतं का, हे पाहतात. मला काळजी वेगळीच वाटते, रंगांची. ठिपक्यांच्या चकत्यांमधले आकडे वाचायला लावणारी इशिहारा चाचणी होते. रंगांधळेपणा चष्म्याने जात नाही आणि घरात वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलाकडे तो सहसा आईच्या बाजूने येतो, म्हणून त्याच्या मामाला किंवा आईच्या वडिलांना लाल-हिरव्याचा गोंधळ होता का, ते विचारा. साताऱ्यातल्या नेत्रतज्ज्ञाकडूनही ही चाचणी या आठवड्यातच करून घ्या.

मग क्लास 2, म्हणजे पहिल्या पायरीची वैद्यकीय तपासणी. डीजीसीए, म्हणजे नागरी विमानसेवेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीतले डॉक्टर ती करतात, अर्ज तिच्याच ईजीसीए पोर्टलवर. स्टुडंट पायलट लायसन्सला एवढं पुरतं, आणि बऱ्याच शाळा इथेच 'झालं मेडिकल!' म्हणून मोकळ्या होतात. पण कमर्शियल लायसन्सला क्लास 1 लागतं. ते हवाई दलाच्या बेंगळुरू, दिल्ली इथल्या केंद्रांत किंवा मान्यताप्राप्त खासगी केंद्रांत होतं. रक्त, लघवी, ईसीजी, कान, डोळे, सगळं कसून पाहतात. 200 तास उडून झाल्यावर तिथे अडकलेला मुलगा मी पाहिलाय. म्हणून क्लास 1 हातात येईपर्यंत थांबा.

दमा लपवू नका. फॉर्मवर जुन्या आजारांची माहिती भरून सही करायची असते. शेवटचा पंप कधी घेतला, औषधं कधी बंद झाली, याचे कागद शोधा. छातीच्या डॉक्टरांकडून फुप्फुसांची तपासणी करून अहवाल सोबत न्या. निर्णय तिथले डॉक्टर देतील, मी नाही. 'तात्पुरता अनफिट' शेरा आला तरी घाबरू नका. वजन, हिमोग्लोबिन अशा कारणांनीही तो मिळतो आणि उपचारांनंतर पुन्हा तपासणी होते.

आणि शाळेला विचारा: क्लास 1 नाकारलं गेलं तर भरलेले पैसे परत मिळतील का? उत्तर लेखी घ्या.