फिल्टरमधलं सगळं दर महिन्याला बदलायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन फुटी टँक, त्यावर टॉप फिल्टर. दुकानदार दर महिन्याला स्पंज, सिरॅमिक रिंग्ज आणि कार्बन नवीन घ्या म्हणतो. गेल्या खेपेला त्याचं ऐकून सगळं एकदम बदललंत आणि आठवड्यात तीन गोल्डफिश गेले. तर मीडिया, म्हणजे फिल्टरमधलं हे सगळं सामान, नक्की किती दिवसांनी बदलायचा?

बदलायचाच नाही. पांढरा कापूस बदला, बाकीचं आहे तिथे राहू द्या. स्पंज पिळायचा, रिंग्ज हलवायच्या, संपलं. माझ्याकडचा काळा स्पंज 2013 पासूनचा आहे. कडा झिजल्यात, पण काम चोख करतो.

इथेच थांबायला हवं होतं, पण "सगळं बदललं आणि मासे गेले" हे वाक्य वाचलं की मला आमचं घर आठवतं.

माझे वडील 32 वर्षं पाणीपुरवठ्यात होते, जलशुद्धीकरण केंद्रावर. आमच्या घरात फिल्टर हा शब्द माशांच्या कितीतरी आधी आला. तुरटीचा डोस, सेटलिंग, फिल्टर बेड, बॅकवॉश ही आमची जेवतानाची भाषा. जुलैत नदी लाल व्हायची तेव्हा आई पोळी वाढता वाढता "आज गढूळपणा किती?" असं विचारायची आणि बाबा आकडा सांगायचे. असा माणूस दिवाळीच्या आधी माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर राहायला आला, आणि मी त्याच आठवड्यात ऑडिटसाठी पाच दिवस नागपूरला गेलो. साल 2012.

तेव्हा माझ्याकडे तीन फुटी टँक होता, दीडशे लिटरच्या आतबाहेर पाणी. त्यात दोन ऑस्कर जातीचे मोठे मासे. एकाच्या अंगावर नारिंगी ठिपके होते म्हणून मुलीने त्याचं नाव बुंदी ठेवलं होतं, दुसरा काळ्या. शिवाय एक सकर, काचेला चिकटून राहणारा मासा. वर ट्रेचा फिल्टर: कापूस, त्याखाली जाड काळा स्पंज, त्याखाली जाळीच्या पिशवीत रिंग्ज.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन. "अरे, काय अवस्था केली होतीस फिल्टरची? नुसता गाळ. मासे कसे जगले याचंच नवल." मी मीटिंगमध्ये होतो. "हो हो" म्हणून फोन ठेवला. तो गाळ ते त्याआधीच धुऊन मोकळे झाले होते हे मला घरी परतल्यावर कळलं.

आता बाबा धुणार म्हणजे कसे, तर शास्त्रशुद्ध. बादलीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, कालवून स्पंज आणि रिंग्ज अर्धा तास बुडवल्या. मग नळाखाली तीनदा खळबळून धुतल्या. मग दुपारभर गच्चीवर उन्हात. परत लावताना ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी; असेल तर पिवळा रंग येतो! निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी त्यांच्या पेटीत ओटीची बाटली आणि ती छोटी नळी असायची. टँकचं पाणी घेतलं, दोन-तीन थेंब टाकले, रंग पिवळा झाला नाही. म्हणजे क्लोरीन शिल्लक नाही. टँकचा काढा झाला होता त्याचं आता पाणी झालं, असं आईला म्हणाले म्हणे.

चौथ्या दिवशी रात्री बायकोचा फोन आला. दोघे ऑस्कर पाण्याच्या वर तोंड काढून भराभर श्वास घेत होते, खाणं सोडलं होतं. बाबांनी ऑक्सिजन कमी पडतोय असं निदान करून कोपऱ्यावरच्या दुकानातून एअर पंप आणून लावला. अंदाज अगदीच वेडगळ नव्हता, लक्षण तसंच दिसतं. पाचव्या दिवशी मी पोचलो तेव्हा पाण्यात ताकाच्या निवळीसारखी छटा होती आणि बुंदी तळाशी कलंडली होती. कल्ले लालभडक. संध्याकाळी गेली. मुलगी सात वर्षांची होती, त्याबद्दल लिहीत नाही.

काळ्या वाचला. सकर तर काय, कशानेही मरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अमोनियाचं टेस्ट किट आणलं. यात थेंब टाकल्यावर पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया आहे. आमचं पाणी पोपटाच्याही पुढे गेलं. बाबांनी नळी उजेडात धरली आणि म्हणाले, "पिवळं नाही ना? मग झालं तर." त्यांच्या डोक्यात ओटी. तिथून जो वाद सुरू झाला तो परवापर्यंत चालू आहे. त्यांचं म्हणणं एकच: पाण्यात क्लोरीन नव्हतं, मी तपासलं होतं, मग माझ्यामुळे मासा मेला कसा?

क्लोरीनने नाहीच मेला, बाबा, अमोनियाने मेला. त्यात तुम्ही चुकणारे नाही. मासा जे खातो त्याचा अमोनिया बराचसा कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. त्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते पाणी बदललं की जातं. हे जिवाणू पाण्यात तरंगत फारसे राहत नाहीत, स्पंजच्या भोकांत आणि रिंगांच्या खडबडीत अंगावर चिकटून बसतात. तपकिरी बुळबुळीत जे दिसतं त्यात हे असतात. पोटातले ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना साधारण दिवस लागतो. टीसीएलने एकदा मारले की परत पुरेसे व्हायला तीन ते सहा आठवडे. मासा मात्र तेवढे दिवस उपाशी राहत नाही आणि अमोनिया सोडणं थांबवत नाही.

त्यात आमच्या सोसायटीला तेव्हा बोअरचं पाणी मिसळून यायचं, पीएच आठला टेकलेला. पीएच सात असेल तर 25 अंशांना एकूण अमोनियातला अर्धा टक्का विषारी रूपात असतो, आठ असेल तर पाच टक्के. दहापट! म्हणून शेजाऱ्याने सगळा मीडिया बदलला आणि त्याला काही झालं नाही, या पुराव्याला काही अर्थ नसतो.

आईला हे सगळं समजावलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे यांनी विरजणाचं भांडं घासून ठेवलं." तिला एका मिनिटात कळलं. डिप्लोमा झालेल्या माणसाला बारा वर्षांत कळलेलं नाही.

आणि मला राग याचाच आहे की हे त्यांना त्यांच्या पुस्तकातून माहीत आहे. पाणीपुरवठ्यात वाळूचे फिल्टर दोन प्रकारचे. रॅपिड सँड, ज्यातून पाणी ताशी पाचेक मीटर वेगाने उतरतं, त्याला रोज किंवा दिवसाआड खालून उलटं पाणी सोडून बॅकवॉश देतात. बाबांनी आयुष्यभर हाच चालवला. दुसरा स्लो सँड, 1829 मध्ये लंडनला जेम्स सिम्पसनने बसवला तो. त्यात पाणी ताशी दहा-वीस सेंटीमीटर उतरतं आणि खरं काम करतो तो वाळूवर धरलेला जिवंत थर. तो चोंदला की वरची दोन-तीन सेंटीमीटर वाळू खरवडून काढतात. सगळी वाळू उपसून टीसीएलमध्ये बुडवत नाहीत! खरवडल्यावरही थर पुन्हा धरेपर्यंत पाणी गावाला न देता सोडून देतात. हे त्यांनीच मला दहावीच्या सुट्टीत प्लँटवर नेऊन सांगितलं होतं. फिशटँकचा फिल्टर स्लो सँडच्या जातीचा आहे. एवढं मान्य करायला काय हरकत आहे? पण नाही. "कचरा तो कचरा."

असो. तुमचं काम.

पाणी बदलताना टँकमधलं जुनं पाणी बादलीत घ्या आणि स्पंज त्यातच चार-पाच वेळा पिळा. तपकिरी पाणी निघेल, निघू द्या. स्पंज पांढराशुभ्र करायच्या नादी लागू नका. नळाखाली नको, गरम पाणी नको, साबण तर अजिबात नको. किती दिवसांनी? कॅलेंडर बघू नका, धार बघा. ट्रेमधून पडणारी धार बारीक झाली किंवा पाणी ट्रेच्या कडेवरून ओसंडायला लागलं की पिळा. गोल्डफिश घाण फार करतात, तुम्हाला दोन आठवड्यांनी करावं लागेल. रिंग्ज तीन-चार महिन्यांतून एकदा त्याच बादलीत नुसत्या हलवायच्या. स्पंज आणि रिंग्ज एकाच दिवशी नाही, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. मोटरचा पंखा काढून जुन्या टूथब्रशने घासा, निम्म्या वेळा धार त्यामुळेच कमी झालेली असते आणि लोक स्पंजला दोष देतात.

पांढरा कापूस सगळ्यात वर ठेवा, गाळ तिथेच अडतो आणि खालचं स्वच्छ राहतं. तो दोनदा धुऊन वापरा, लगदा झाला की फेका.

कार्बन काढूनच टाका. वास, पिवळेपणा, औषधाचा अंश शोषून घेतो हे खरं, पण महिन्याभरात त्याची ताकद संपते आणि नेहमीच्या टँकला त्याची गरज नसते. औषध घालताना तर तो आत असेल तर औषधच खातो. मिथिलीन ब्लू हे निळं औषध घालून तासाभरात पाणी परत बिनरंगी झालं असं सांगणारे लोक मला भेटले आहेत. औषधाचा कोर्स संपल्यावर मात्र दोन-चार दिवस ठेवावा, आणि टँकमध्ये ठेवलेल्या लाकडामुळे पाणी चहासारखं झालेलं आवडत नसेल तर ठेवावा.

दुकानदाराला मी लबाड म्हणणार नाही. पण माशांपेक्षा त्याचा धंदा डब्यांवर चालतो, आणि मासे मेले की तुम्ही नवे मासे घ्यायलाही त्याच्याकडेच जाता. बाटलीतले जिवाणू विकतात त्यावर माझा फार विश्वास नाही. 1998 पर्यंत नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर करतात असं सगळे धरून चालले होते, मग अमेरिकेत गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तर तिथे नायट्रोस्पायरा निघाले. तुमच्या दुकानातल्या बाटलीत कोण आहे, आणि उन्हात ठेवलेल्या टेम्पोतून आल्यावर ते जिवंत आहे का, हे कोण सांगणार?

गावाकडे असाल तर अजून एक. लाइट चार-सहा तास गेली तर कॅनिस्टरमधल्या, म्हणजे टँकबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरमधल्या, जिवाणूंचा ऑक्सिजन संपतो, आत सडायला लागतं. लाइट आल्यावर ते पाणी थेट टँकमध्ये सोडू नका. आधी आतलं पाणी ओता, मग चालू करा. टॉप फिल्टरला हा त्रास कमी, पण स्पंज पार वाळू देऊ नका.

आता जे आधीच लिहायला हवं होतं ते. दोन ऑस्कर तीन फुटी टँकमध्ये म्हणजे दाटीच, ते मला तेव्हाही माहीत होतं. नागपूरला निघताना बायकोला "माशांना दोन्ही वेळ खाण्याच्या गोळ्या घाल" असं मीच सांगून गेलो होतो. आणि बाबांनी हात लावायच्या दहा-बारा दिवस आधी दुकानदाराचं ऐकून जुन्या रिंगांची पिशवी टाकून मी नवीन घातली होती. म्हणजे बाबांनी धुतल्या त्या रिंगांवर धरलेलं असं फारसं काही नव्हतंच, जे होतं ते काळ्या स्पंजवर. अर्धं विरजण आधीच मी घालवलं होतं. आईला हे माहीत आहे, बाबांना नाही. त्यांना कळलं तर पुढची बारा वर्षं मला ऐकावं लागेल, आणि स्लो सँडचा मुद्दा कायमचा बुडेल. स्लो सँडचा मुद्दा बरोबर आहे.

तुमचे उरलेले मासे वाचवायचे असतील तर आजपासून तीन-चार दिवस खाणं बंद, मग चिमूटभर. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, नळाचं असेल तर अँटीक्लोरीन घालूनच. लिटरला एक ग्रॅमच्या आसपास खडेमीठ टाका, त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. सकर असेल तर मिठाचं प्रमाण निम्मं ठेवा. आणि ज्याचा टँक सहा महिन्यांहून जुना आहे, मासे ठणठणीत आहेत, अशा कुणाकडून त्याच्या स्पंजचं पिळलेलं घाण पाणी बाटलीत आणून तुमच्या ट्रेमध्ये ओता. काळ्याला मी असाच वाचवला, ऑफिसातल्या एका मित्राच्या टँकच्या जिवावर. पुढे तो चार वर्षं जगला.

पुण्यात असाल तर माझ्याकडून न्या, बाटली तुमची आणा. फक्त रविवारी सकाळी नको, तेव्हा बाबा घरी असतात.