पुराच्या आधीच चार मेसेज लिहून ठेव

भावा,

आरोग्य विभागाचं सोशल मीडिया तुझ्याकडं आलंय म्हणालास, बरं झालं. रील-बिल नंतर कर, आधी आपल्या कोल्हापुरात पूर आला की काय चालतं ते बघ. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट किती इंच, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, एवढंच असतं मेसेजात, पण वेळ टाकलेली असते आणि थोड्या तासांनी पुढचा येणार हे माहीत असतं, त्यामुळं 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका हे पेठेतल्या पोरालाबी पाठ आहे. साथीच्या बातमीलाबी तीच शिस्त लाव. रिपोर्ट आले नसतील तर आले नाहीत म्हणून सांग, आणि पुढचं अपडेट संध्याकाळी 6 ला म्हणालास तर 6 ला दे, नवीन काही नसलं तरी दे. गप्प बसलास की ग्रुपवरचे डॉक्टर सुरू होतात.

कोविडमध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी (तिथल्या सरकारच्या वतीनं लोकांना आरोग्याचा सल्ला देणारे मोठे डॉक्टर) फेब्रुवारी 2020 च्या शेवटी ट्विट करून मास्क घेऊ नका म्हणून दटावलं आणि एप्रिलमध्ये तिथंच कापडी मास्क लावा म्हणून सांगायची वेळ आली. सल्ला बदलतो, त्यात काय वाईट नाही, पण काल काय म्हणालो आणि आज का बदललं हे त्याच पोस्टमध्ये लिही. जुनी गुपचूप डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट फिरतच असतात.

आणि ते वाकडं स्कॅन केलेलं पत्रक, 'उपरोक्त विषयास अनुसरून' वालं, ते टाकू नकोस बाबा! व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मजकूर दे, वर तारीख, गाव, वॉर्ड. नाहीतर 2019 च्या पुरातला मेसेज पुढच्या पावसाळ्यात परत फिरतो आणि लोक घाबरून निघतात. छावणीत गॅस नसतो, तिथं नुसतं 'पाणी उकळून प्या' सांगून काय उपयोग, क्लोरीनची गोळी किती लिटरला, टाकल्यावर किती वेळ थांबायचं, आणि ती कुणाकडं मिळते (आशाताईंकडं का उपकेंद्रात) ते लिही. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातनं होणारा ताप) गोळीचं मात्र डॉक्टरांना विचारून घ्या असंच लिही, नाहीतर मेडिकलपुढं रांग लागंल.

अफवा खोडताना तो खोटा फोटो तसाच परत टाकू नकोस, खरं काय ते पहिल्या ओळीत.

खरी अडचण सहीची. साहेब मीटिंगमध्ये, फाईल टेबलावर, तोवर गाव पेटलेलं. म्हणून जूनच्या आधीच गॅस्ट्रो, कावीळ, डेंग्यू, लेप्टो असे चार मसुदे मंजूर करून घे, गाव आणि तारखेची जागा फक्त रिकामी ठेव. झाले की मला पाठव, शब्द जड झालेत का बघतो.