गिधाडं कमी झाली म्हणून भारतात ५ लाख माणसं मेली, हे खरं आहे का?

खरंय, पण '५ लाख' हा अंदाज आहे, कोणी प्रेतं मोजलेली नाहीत. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा पेपर आहे, २०२४ मध्ये आला, आकडा २००० ते २००५ या काळाचा.

झालं असं की ९० च्या दशकात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध स्वस्त झालं आणि गुरांना सर्रास टोचायला लागले. ते मेलेलं जनावर गिधाडाने खाल्लं की त्याची किडनी जायची, पोट फाडून बघितलं तर आतल्या अवयवांवर खडूची पूड फासल्यासारखा पांढरा थर, युरिक ॲसिडचा. हे २००४ साली पाकिस्तानातल्या गिधाडांवरून सापडलं, २००६ मध्ये भारतात गुरांसाठी बंदी आली. तोवर गिधाडं कमी झाली, गुरांची मढी उघड्यावर सडायला लागली, कुत्री माजली, रेबीज आणि घाण पाणी हे आलंच.

आता तुम्ही म्हणाल, हा योगायोग कशावरून नाही? तर त्यांनी काय केलं, जिथे आधी गिधाडं भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे मुळातच कमी होती ते जिल्हे घेतले आणि औषध येण्याआधीचा नि नंतरचा मृत्यूदर लावून बघितला, तर पहिल्या गटात तो ४ टक्क्यांहून जास्त वाढलेला दिसला. मला ही आयडिया पटते, फक्त नेमका कुठला माणूस कशाने गेला हे त्यातून कळत नाही.

मुंबईत मलबार हिलच्या दख्म्यात, म्हणजे पारशी लोक जिथे प्रेतं गिधाडांसाठी ठेवतात तिथे, त्यांना सोलर काँसन्ट्रेटर (ऊन एका जागी गोळा करून प्रेत वाळवणारं यंत्र) बसवायला लागले ते हीच गिधाडं उरली नाहीत म्हणून.