विहिरीत औषध उतरतंय का? टीडीएस मीटरवरून नाही कळणार

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या कुटुंबाची शहापूर तालुक्यात जागा आहे, बांधाला लागून विहीर, पलीकडे शेजाऱ्यांची भेंडी. फवारणी झाली की पाण्याला वास येतो. टीडीएस १८० आहे. आरओ बसवला तर पाणी प्यायला चालेल का?

आधी त्या विहिरीचं पाणी पिणं आणि स्वयंपाकाला घेणं आजच थांबवा. उकळूनही नको, उकळल्याने जंतू मरतात, औषध पाण्यातच राहतं. टीसीएल पावडर (विहिरीत टाकायची क्लोरीनची ब्लिचिंग पावडर) टाकू नका. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक असेल तर क्लोरीनमुळे त्याचं ऑक्सॉन नावाचं रसायन बनतं आणि ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतं.

टीडीएसचा इथे संबंधच नाही. तो मीटर लिटरमागे मिलिग्रॅममध्ये क्षार सांगतो, औषध मोजायचं मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट बारीक. हिशोब करून बघा. १० फूट व्यासाच्या विहिरीत १० फूट पाणी म्हणजे साधारण २२ हजार लिटर. त्यात २० टक्के ईसी (द्रावकात विरघळवलेलं, पाण्यात कालवायचं द्रव औषध) क्लोरपायरीफॉस एक चमचा, ५ मिली, सांडलं तर १ ग्रॅम विष गेलं: लिटरला ४५ मायक्रोग्रॅम. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची मर्यादा ३० आहे. एप्रिलमध्ये पाणी ४ फुटांवर आलं की तोच चमचा ११० च्या वर जातो.

म्हणून शेताच्या आधी विहिरीचा काठ तपासा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. मोटरचा पाइप औषधाच्या पिंपात बुडवून ठेवलेला असतो, वीज जाते, फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप) गळका असतो. पाइपातलं पाणी विहिरीत परत उतरतं आणि उतरताना पिंपातलं औषध सोबत ओढून नेतं. उपाय फुकटचा आहे: पाइपाचं तोंड पिंपाच्या काठापासून वीतभर वर बांधा, म्हणजे पाइपाला ओढायला पिंपातलं पाणीच मिळत नाही. औषध कालवणं, फवारणीचा पंप भरणं, धुणं विहिरीपासून निदान १०० फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. रिकामी बाटली पाव भरून, अर्धा मिनिट हलवून, तीनदा विसळायची आणि ते पाणी पंपातच ओतायचं. मग तळाला भोक पाडायचं, नाहीतर तीच बाटली कुणाच्या तरी घरी तेलाला जाते.

काठ चोख असूनही औषध आलं, तर ते कोणतं यावर सगळं अवलंबून आहे. क्लोरपायरीफॉस मातीला धरून बसतं. ते पहिल्या जोरदार पावसात गढूळ पाण्याबरोबर वाहून येतं. त्याला कठडा, पक्का ओटा आणि बांधावर वाळ्याची किंवा गवताची दाट पट्टी अडवते. इमिडाक्लोप्रिड हे दुसरं कीटकनाशक पाण्यात सहज विरघळतं आणि आपल्याकडच्या पातळ माती-मुरुमातून कातळाच्या भेगांत उतरतं. तिथे कठड्याचा उपयोग नाही. शिवाय वासावर जाऊ नका. ईसी औषधांचा वास बराचसा त्यातल्या द्रावकाचा असतो. पाण्यात विरघळणाऱ्या कित्येक औषधांचा वासच येत नाही.

शेजाऱ्यांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, रिकाम्या बाटल्या बघायला मागा. ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात असलेलं तांत्रिक नाव लिहून घ्या. ती यादी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला द्या आणि विचारा: यातली कोणती तपासता, आणि ०.१ मायक्रोग्रॅमपर्यंत मोजता का? हे न विचारता ‘पेस्टिसाईड टेस्ट’ सांगितली तर पुष्कळदा डीडीटी, एंडोसल्फानसारखी जुनीच औषधं तपासली जातात आणि अहवाल कोरा येतो. इमिडाक्लोप्रिडचं नाव आयएस १०५०० च्या यादीत नाही, ते वेगळं सांगावंच लागतं.

नमुना प्रयोगशाळेनेच दिलेल्या गडद काचेच्या १ लिटर बाटलीत घ्या. बिसलेरीच्या बाटलीत नको, काही औषधं प्लास्टिकला चिकटतात आणि आकडा खोटा कमी येतो. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. एकदा भेंडीच्या फवारणीच्या दिवसांत, एकदा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, असे दोन नमुने हवेत.

आता आरओ. काही लहान रेणू पडद्यातून थोडे निसटतात, म्हणून खरं काम ॲक्टिव्हेटेड कार्बनचं, म्हणजे औषध शोषून घेणाऱ्या कोळशाचं. त्यालाही वेळ लागतो: ५० लिटर कार्बनमधून तासाला ३०० लिटर सोडलं तर पाणी १० मिनिटं थांबतं, तेवढं हवं. मोटरच्या पूर्ण जोरात सोडलं तर नुसतं धावून जातं. कार्बनची शोषायची ताकद संपली की चव-वास न बदलता औषध पलीकडे यायला लागतं, त्यामुळे फिल्टरनंतरच्या पाण्याचीही तपासणी करा आणि त्यावरून कार्बन बदलायची मुदत ठरवा.

विहीर उपसायची घाई नको. औषध वरून सांडलं असेल तर उपसा उपयोगी. ते पाणी ओहोळात न सोडता लांबच्या पडीक जागेत जिरवा. पण ते भेगांतून येत असेल, तर जितकं उपसाल तितकं शेजारच्या शेताखालचं पाणी आत ओढलं जाईल.