वाचक विचारतात: फ्रिजमधला बर्फ पोकळ का येतो?

प्रश्न: ताई, आम्ही नाशिकला सातव्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. दिवाळीत दारातून पाणी आणि बर्फ येणारा मोठा फ्रिज घेतला, पाण्याची लाइनही जोडून घेतली. पण बर्फाचे तुकडे बारीक आणि आतून पोकळ येतात, पाण्याची धारही अगदीच बारीक. मेकॅनिक म्हणतो आइस मेकरच बदला. बदलू का?

उत्तर: इतक्यात नको हो, दादा. तुमची टाकी गच्चीवर, म्हणजे फ्रिजच्या वर फार तर चार-पाच मीटर, आणि 10 मीटर उंचीला साधारण 1 बार प्रेशर मिळतं, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम अर्धा बार. लाइनवाल्या बऱ्याच फ्रिजना कमीत कमी 20 पीएसआय, म्हणजे जवळपास 1.4 बार तरी लागतं, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच आइस मेकरमध्ये व्हॉल्व्ह ठरावीक काही सेकंदच उघडतो, तेवढ्यात येईल तेवढंच पाणी साच्यात जातं, प्रेशर नसेल तर साचा अर्धाच भरतो आणि मग तुम्ही लिहिलाय तसा बर्फ पडतो. मशीन बदलून काय होणार, नवीनही तेच करेल!

आता एक आठवून बघा, धार पहिल्या दिवसापासून बारीक होती की नंतर हळूहळू झाली? पहिल्यापासून असेल तर आरओला असतो तसा छोटा बूस्टर पंप, पण फ्रिजच्या लाइनला चालेल असा, प्लंबरकडून बसवून घ्या. हळूहळू झाली असेल तर फिल्टर चोंदलाय, तो बदला. आणि लाइन भिंतीवरच्या आरओच्या नळावरून घेतली असेल तर बोलणंच खुंटलं, कारण आपल्याकडच्या बहुतेक आरओंच्या टाकीत प्रेशर नसतंच, पाणी आपल्या वजनाने खाली येतं तेवढंच.

प्रश्न: बर्फ वितळला की ग्लासाच्या तळाला पांढरा चुरा दिसतो. फिल्टर नवा आहे तरी? सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो.

उत्तर: क्षार आहेत ते, मुख्यतः कॅल्शियमचे. पाणी गोठताना क्षार बाहेर ढकलले जातात आणि तुकड्याच्या मधोमध साठतात, म्हणून बर्फही मध्ये पांढरट दिसतो. फ्रिजचा फिल्टर बहुतेक कार्बनचा असतो, तो क्लोरीनचा वास-चव घालवतो, विरघळलेले क्षार त्याला जमत नाहीत. चुऱ्याने अपाय नाही, फक्त दिसायला वाईट. फिल्टर मात्र साधारण सहा महिन्यांनी बदला, टँकरचं गढूळ पाणी असेल तर त्याआधीच, आणि नवीन बसवला की सुरुवातीचं काही लिटर पाणी आणि पहिला बर्फ टाकून द्या.

प्रश्न: बर्फाला सुकटीचा वास येतो. फ्रीजरमध्ये सुकट आहे, पण पिशवीत बांधून ठेवलीय.

उत्तर: साध्या पिशवीने सुकट ऐकते होय! घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बर्फ वास ओढून घेतो, त्यातून न वापरता महिनाभर पडून राहिलेला तर जास्तच. आइस मेकर बंद करा (काहींना तारेचा दांडा असतो, तो वर उचलला की बंद), ट्रे रिकामा करून सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण कोरडा करूनच बसवा, ओला बसवला तर तुकडे तळाला चिकटतात. लाइट जाऊन-येऊन बर्फाचा एकच गोळा झाला असेल तरी हेच करा, सुरी घेऊन खरवडू नका, प्लास्टिकला चीर गेली की खर्च वाढला.

प्रश्न: आमच्या फ्रिजला लाइन नाही, दारात भरायची टाकी आहे. त्यात कोकम सरबत भरलं तर चालेल का?

उत्तर: नाही. साखर नळीत आणि नळाच्या झडपेत चिकटते, बुळबुळीत थर धरतो आणि नळ गळायला लागतो. फक्त पिण्याचं पाणी भरा, तेही कोमट किंवा गार, उकळतं नको. आठवड्यातून एकदा टाकी काढून धुवा, नळाचं तोंड जुन्या टूथब्रशने घासा, तिथेच सगळ्यात जास्त घाण बसते. गावाला जाताना टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवून जा.