शेल बंद केलं म्हणजे खातं फक्त फाइलींपुरतं झालं, असं नाही

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या छापखान्याचा सर्व्हरच डोळ्यांपुढे आला. ग्राहकांनी पीडीएफ आणि फोटो टाकावेत, बाकी कशालाही हात लावू नये, एवढंच तुम्हाला हवंय. त्यासाठी खात्यांचं शेल (यूजरच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) नो-लॉगिन, म्हणजे कमांड नाकारणारं, केलंत, तर एसएफटीपी, म्हणजे एसएसएचच्या सुरक्षित जोडणीवरून फाइली पाठवण्याची सोयच, बंद पडली. मग सीएचरूट (यूजरला एकाच फोल्डरात कोंडणं) लावलंत, तर पासवर्ड स्वीकारला जातो आणि लगेच जोडणी तुटते. आणि होस्टिंगवाल्यांचा सपोर्ट सांगतोय, फोल्डरला ७७७, म्हणजे कोणालाही लिहिता येईल अशी परवानगी, द्या. कृपा करून ते देऊ नका. जोडणी तुटतेय ती परवानग्या सैल असल्यामुळे, आणि ७७७ ने त्या आणखी सैल होतील.

ग्रुप करणं, यूजर जोडणं हे तुम्हाला येतं असं धरून पुढे लिहितो. माझा अनुभव मुख्यतः डेबियन आणि उबुंटूचा आहे. रेड हॅट घराण्यात एसई-लिनक्स ही परवानग्यांची आणखी एक यंत्रणा आडवी येते, तिथलं तिथल्या जाणकाराला विचारा.

नो-लॉगिनने एसएफटीपी बंद का पडलं? जुना एसएफटीपी-सर्व्हर हा वेगळा प्रोग्रॅम आहे आणि एसएसएच तो यूजरच्या शेलमार्फत सुरू करतं. शेलनेच नकार दिला की पुढे काही होत नाही. इंटर्नल-एसएफटीपी हे एसएसएचडीच्या, म्हणजे एसएसएचच्या सर्व्हर-प्रोग्रॅमच्या, पोटातच असतं, त्याला शेल लागत नाही. ओपन-एसएसएचमध्ये (एसएसएचचा नेहमीचा प्रोग्रॅमसंच) हे आणि सीएचरूट दोन्ही २००८ मध्ये एकत्रच आलं. तेव्हा एसएसएचडीच्या सेटिंगच्या फाइलीत सबसिस्टिमच्या ओळीत इंटर्नल-एसएफटीपी लिहा, आणि ग्राहकांच्या ग्रुपसाठी मॅच ब्लॉक (फक्त त्यांनाच लागू होणारे नियम) करून त्यात फोर्स-कमांडलाही (हीच एक कमांड चालेल असा नियम) तेच द्या.

जोडणी तुटण्याचं खरं कारण ग्राहकाच्या पडद्यावर दिसत नाही, ते सर्व्हरच्या ऑथ-लॉगमध्ये असतं: सीएचरूटच्या वाटेवरच्या एखाद्या फोल्डरची मालकी किंवा परवानगी चुकीची आहे. वाटेवरचं प्रत्येक फोल्डर, अगदी मुळापासून शेवटपर्यंत, रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) मालकीचं हवं आणि ग्रुपला किंवा इतरांना तिथे लिहिता येता कामा नये. ७५५ (फक्त मालकाला लिहिता येतं) चालतं, ७७५ (ग्रुपलाही लिहिता येतं) चालत नाही. हा हट्ट उगाच नाही. ज्या फोल्डरला यूजर आपलं मूळ मानणार, तिथे त्यालाच लिहिता आलं तर तो आपलीच ईटीसी (सेटिंगचं) आणि लिब (प्रोग्रॅमांच्या सामायिक भागांचं) ही फोल्डरं तयार करून रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमांना फसवू शकतो. म्हणून बाहेरचं फोल्डर रूटचं ठेवा आणि आत 'अपलोड' नावाचं एक फोल्डर ग्राहकाच्या मालकीचं करा. तो तिथेच लिहील.

आता ज्याने आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं त्याबद्दल. होस्टिंग कंपनीचं नाव घेत नाही, पण त्यांच्या सपोर्टकडे आम्ही हीच तक्रार नेली होती. त्यांनी कारण शोधलं नाही. सीएचरूटची आणि फोर्स-कमांडची ओळ काढून टाकली, शेल नो-लॉगिन ठेवलं, त्याला शेल लागत नाही म्हणून इंटर्नल-एसएफटीपी तेवढं राहू दिलं, आणि 'आता खातं फक्त फाइल ट्रान्सफरपुरतं आहे, तिकीट बंद करत आहोत' असं कळवलं. आम्ही लेखी विचारलं की हे पुरेसं आहे का; उत्तर आलं, शेल नसलेला यूजर काहीच करू शकत नाही. हे वाक्य चूक आहे, आणि आजही अनेक ठिकाणी ते खात्रीने सांगितलं जातं.

शेल नसलं तरी लॉगिन होतंच. आणि लॉगिन झालं की एसएसएचचं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे आपल्या मशीनवरून सर्व्हरच्या आतल्या सेवेपर्यंतचा बोगदा, वापरता येतं, कारण ते मुळात सुरूच असतं. एसएसएचला मोठा एन आणि मोठा एल हे दोन पर्याय द्यायचे: कमांड चालवायची नाही, फक्त बोगदा उघडायचा. त्याला शेल लागत नाही. फोर्स-कमांडही त्याला अडवत नाही. सीएचरूटही अडवत नाही, कारण सीएचरूट फाइलींचं झाड कापतं, नेटवर्क नाही. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर त्याच सर्व्हरवर होतं आणि त्याचा डेटाबेस मायएसक्यूएल ३३०६ पोर्टवर फक्त १२७.०.०.१ ला, म्हणजे त्याच मशीनवरून आलेल्या जोडण्यांना, ऐकत होतं. बाहेरून पोचता येत नाही म्हणून सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने त्याचा पासवर्ड अगदीच साधा ठेवलेला. दिवाळी अंकांच्या ऐन घाईत एका मोठ्या ग्राहकाने सुरक्षा तपासणी करवली. तपासणाऱ्या माणसाने अपलोडसाठी दिलेलं खातं वापरून आमच्या सगळ्या ग्राहकांची बिलं स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून दाखवली. डेटाबेसच्या नोंदीत ती जोडणी १२७.०.०.१ वरूनच आलेली, म्हणजे घरचीच. त्या ग्राहकाने काम थांबवलं, आणि त्या हंगामात ते परत आलं नाही. सपोर्टला हे कळवलं तर 'हा आमच्या सेवेचा भाग नाही' असं उत्तर. मग ओळी काढल्या कोणी? पैसे घेऊन चुकीची खात्री देणं हे मला आजही माफ करता येत नाही. तिकिटावर 'सोडवलं' असा शिक्का पडला म्हणजे प्रश्न सुटला असं मानणाऱ्या माणसांच्या हाती इतरांचा माल असतो, याचा विचार कोणी करत नाही.

तर तुमच्या मॅच ब्लॉकमध्ये डिसेबल-फॉरवर्डिंग यस ही ओळ हवीच. ती ओपन-एसएसएचच्या ७.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे. तेवढ्यावर थांबू नका. १०.० च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये या ओळीने एक्स-११ (दूरच्या मशीनच्या खिडक्या आपल्या पडद्यावर दाखवणं) आणि एजंट (आपल्या किल्ल्या दूरच्या मशीनवर वापरू देणं) फॉरवर्डिंग बंद होत नसल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. म्हणून टीसीपी, एजंट, एक्स-११ आणि टनेल या चारही गोष्टींना वेगवेगळं 'नो' लिहा. ओळी जास्त झाल्या तरी चालतील.

मॅच ब्लॉक फाइलीच्या अगदी शेवटी ठेवा. तो पुढच्या मॅचपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत चालतो. नंतर कोणी खाली एखादी ओळ जोडली की ती फक्त तुमच्या ग्राहकांना लागू होते आणि बाकीच्यांना नाही. उबुंटूत वेगळ्या फोल्डरातल्या छोट्या फाइली आधी वाचल्या जातात आणि एकाच गोष्टीच्या दोन ओळी असल्या तर पहिली जिंकते, हेही ध्यानात असू द्या. बदल केल्यावर एसएसएचडी लहान टी देऊन चालवा, म्हणजे लिखाणातली चूक कळेल. मग मोठा टी आणि मोठा सी देऊन एखाद्या ग्राहकाचं नाव, होस्ट आणि पत्ता सांगा. त्याला नक्की कोणते नियम लागतात ते छापून येतं. सेवा रीलोड करताना स्वतःचं एक लॉगिन उघडं ठेवा.

लॉगिनसाठी एसएसएचच्या किल्ल्या वापरत असाल तर त्यांची फाइल ग्राहकाला लिहिता येईल अशा जागी नको. ऑथोराइज्ड-कीज ही किल्ल्यांची फाइल ईटीसीखालच्या एसएसएच फोल्डरात यूजरच्या नावाने ठेवा, मालकी रूटची. नाहीतर ग्राहक आपल्या मित्राची किल्ली स्वतःच त्यात घालेल, आणि पासवर्ड बदलूनही तुम्हाला ते कळणार नाही.

आरएसएसएच हे खात्यावर मर्यादा घालणारं शेल वापरा असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. ते आता कोणी सांभाळत नाही आणि २०१९ मध्ये त्यात गंभीर भोकं सापडली. एससीपी (एसएसएचवरून फाइली पाठवणारी जुनी कमांड) वापरणारे ग्राहक असतील तर ओपन-एसएसएच ९.० पासून, म्हणजे २०२२ पासून, एससीपी आतून एसएफटीपीच वापरतं, त्यामुळे नव्या मशीनवर अडत नाही. जुन्या मशीनवर 'फक्त एसएफटीपी चालेल' असा निरोप येतो. आरसिंक (फक्त बदललेला भाग पाठवणारा प्रोग्रॅम) मात्र या खात्यांवर चालणार नाही. सगळ्यांसाठी एखादं सामायिक फोल्डर हवं असेल तर सिमलिंक (दुसऱ्या फोल्डराकडे बोट दाखवणारी खूण) करू नका, सीएचरूटच्या बाहेरचा रस्ता आतून सापडत नाही. बाइंड माउंट करा, म्हणजे तेच फोल्डर आतही जोडा.

हे सगळं झालं की ग्राहकाच्या खात्यानेच, दुसऱ्या मशीनवरून, ३३०६ चा बोगदा उघडून पाहा. एसएसएच तसंच थांबून राहील, तक्रार करणार नाही, त्यावर जाऊ नका. दुसऱ्या खिडकीतून त्या पोर्टवर खरोखर जोडून पाहा. तेव्हा बोगद्याच्या खिडकीत 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड' (सर्व्हरने मनाई केली) असं दिसायला हवं. ते दिसेपर्यंत त्या सर्व्हरवर ग्राहकांची खाती चालू करू नका.