आधी तूप वाईट म्हणायचे, आता चांगलं म्हणतात. खरं काय?

तुपात संतृप्त चरबी भरपूर, म्हणून हात आखडता ठेवावा हे आजही खरंच. पण त्याऐवजी घरोघरी वनस्पती तूप आणलं, ती मोठी चूक झाली. त्यातल्या ट्रान्स फॅटने, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीने, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चांगलं घटतं. आपल्याकडे तेला-तुपात त्यावर २ टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ उजाडलं.

मला जास्त हळहळ वाटते जवसाची. नागपूरच्या महाल भागात आजी जवस भाजून लसूण-मिरचीसोबत खलबत्त्यात कुटायची, तेल सुटून चटणी चकचकायची. आम्ही पोरं तिला नाकं मुरडायचो. आता तेच जवस ओमेगा-३ या चांगल्या चरबीसाठी लोक इतवारीच्या बाजारात मागून नेतात. भाकरीसोबत चमचाभर जरूर खा, पण कुटलेलंच. अख्खे दाणे बरेचसे न पचताच जातात.